मडगार्ड आणि एक राहिलेलं नाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण' असा विषय दिला होता. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून. मी हो म्हटलं, आणि नंतर फोन करून विषय बदलून मागितला. मला आज मडगार्डबद्दल बोलायचं आहे. मागच्या चाकांवरच्या दोन मडगार्डांबद्दल. हसू नका, त्यात तुमच्यातल्या एकाची गोष्ट आहे आणि माझी एक चूक आहे. ती चूक याच शाळेत झाली, म्हणून इथेच सांगायची आहे.

आमच्या अण्णांचं गॅरेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. वेल्डिंग आणि डेंटिंगचं. पत्रा ठोकण्यात अण्णांचा हात होता. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोडीने असा गोल काढायचा, की विकत आणलाय असं वाटावं. तरुणपणी त्यांनी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींच्या 'मीरा' गाडीबद्दल ऐकलं होतं. शंकररावांनी १९४० च्या दशकात स्वतःच्या बुद्धीने छोटी मोटार बनवायला घेतली आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्यात सुधारणा करत राहिले. ती गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही, सामान्य माणसाच्या दारात आली नाही. पण अण्णांच्या डोक्यात ती कायमची उभी राहिली. 'इचलकरंजीत होतंय तर हिंगोलीत का नाही?' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले.

ते झालं २०२० मध्ये. लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन घरी आले. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये अण्णांनी चौकोनी पाईपची एक फ्रेम जोडून ठेवली होती. शेजारी भंगारातून आणलेल्या ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन, मागचा एक्सल आणि पाट्यांचे स्प्रिंग. पुढचं तोंड आणि दोन्ही दारं त्यांनी पत्र्यातून ठोकून काढली होती. मागचे मडगार्ड तेवढे राहिले होते. राहिले, कारण तोवर काचबिंदूने अण्णांची नजर बरीचशी गेली होती. मागच्या चाकावर जो फुगीर, दोन्ही बाजूंनी गोल आकार लागतो, तो नजरेशिवाय ठोकता येत नाही. मी इंजिनीअर खरी, पण माझ्या हाताने साधी पत्र्याची पेटीसुद्धा सरळ होत नाही. म्हणून मी ठरवलं, फायबरचे करायचे.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला धरून ठेवणारं रेझिन. साचा केला की कसाही वळणाचा आकार निघतो, गंजत नाही, हलका असतो. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट गाडीची पूर्ण बॉडी फायबरची केली. आपल्याकडे बंगळुरूच्या सिपानींनी आधी 'बादल' आणि नंतर 'डॉल्फिन' या फायबर बॉडीच्या गाड्या काढल्या. म्हणजे मी काही चंद्रावर जात नव्हते.

माझा पहिला साचा थर्माकोलचा होता. त्यावर रेझिन ओतलं आणि डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून खड्डा झाला. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला खातं, हे मी वाचलेलं नव्हतं. मग प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा केला आणि दोन मडगार्ड निघाले. दिसायला छान. ते मी चार मिलिमीटरच्या आठ-आठ रिव्हेट मारून सरळ फ्रेमच्या पाईपवर बसवले. टायर आणि मडगार्ड यांच्यात ६० मिलिमीटर जागा ठेवली. संगणकावर चित्र काढलं होतं, त्यात सगळं बरोबर होतं.

त्याच सुमारास, डिसेंबर २०२१ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यांनी भंगारातून मुलासाठी छोटी जीप केली होती, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी ती पाहून त्यांना बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि पुढच्याच महिन्यात दिली. तुमच्यापैकी किमान पंधरा जणांनी मला तो व्हिडिओ पाठवला, खाली 'आता तुमचीही बोलेरो' असं लिहून! पण महिंद्रांनी तेव्हाच हेही लिहिलं होतं, की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. ते खरंच आहे. रस्त्यावर येणाऱ्या गाडीच्या प्रत्येक मॉडेलला चाचणी संस्थेची मंजुरी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. आमच्या गाडीला अशी मंजुरी कोण देणार? म्हणून ती फक्त आमच्या शेतात फिरते, हे इथे सांगून ठेवते. आपल्या बॅचमधले एक जण पोलीस खात्यात आहेत आणि ते पुढेच बसलेत.

तर शेतातच ते घडलं. पावसाळ्यानंतर काळ्या मातीत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. शेजारच्या सीटवर अण्णा. पहिल्यांदाच बसले होते. एका चाकोरीत डावं चाक गेलं, टायर घासल्याचा वास आला आणि फाडकन आवाज झाला. डावा मडगार्ड तीन रिव्हेटांतून सुटून लोंबकळत होता आणि त्याला वीतभर चीर गेली होती. अण्णांना दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "माझं वजन झालं का गं?"

ते वाक्य मला अजून टोचतं.

एका ओळखीच्यांनी सांगितलं, गावाबाहेर एक फायबरचं काम करणारा आहे, त्याच्याकडे जा. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या करतो. मी फुटका मडगार्ड गाडीत टाकून गेले. शेडमध्ये रेझिनचा उग्र वास. तोंडाला फडकं बांधलेला एक माणूस मॅटवर रोलर फिरवत होता. त्याने मडगार्ड हातात घेतला, उलटा केला, आतून भोकांकडे पाहिलं. प्रत्येक भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा होत्या.

"हे काय करायलीस, मॅडम?" तो म्हणाला. 'करायलीस' आणि 'मॅडम' एकाच वाक्यात! मग त्याने फडकं काढलं आणि मी ओळखलं. आपल्याच वर्गातला. शेवटच्या बाकावरचा. दहावीला गेला आणि नंतर दिसलाच नाही. शाळेत आम्ही पाच वर्षांत पाच वाक्यंही बोललो नसू. तेव्हा मुलं-मुली बोलतच नव्हतो, तुम्हाला माहीत आहे.

त्याने मला एकच प्रश्न विचारला. "गाडी पूर्ण दबल्यावर मोजलं होतं का?"

मी गप्प. मी मोजलं होतं ते गाडी रिकामी, शेडमध्ये उभी असताना. आपल्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे, तिथे चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनपेक्षाही लहान फरक मोजणार आहेत. आणि त्याच जिल्ह्यातल्या मी इंजिनीअर बाईंनी आपला टायर वर किती येतो ते मोजलं नव्हतं.

पुढचे चार रविवार तो आमच्या शेडमध्ये आला. त्याने काय काय केलं ते मी सांगणार आहे. कुणाला कधी गाडीला, ट्रॅक्टरला फायबरचं काही बसवायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्या रविवारी त्याने मडगार्डला हातच लावला नाही. शेजाऱ्यांकडून हळदीची सहा पोती आणली, पन्नास-पन्नास किलोची, आणि गाडीच्या मागच्या भागावर रचली. स्प्रिंग पूर्ण दबून स्टॉपर रबराला टेकले. मग उजव्या चाकाखाली विटा सारल्या, म्हणजे एक चाक वर आणि एक खाली. ओम्नीचा मागचा एक्सल एकसंध दांड्याचा आहे. एक चाक वर चढलं की दुसरंही कलतं आणि टायरचा माथा आत-बाहेर सरकतो. तो किती सरकतो हे आम्ही ओळंबा लावून लिहून काढलं. माझी ६० मिलिमीटरची जागा केव्हाच संपली होती. मडगार्ड ४० मिलिमीटर वर आणि १५ मिलिमीटर बाहेर न्यायला हवा होता.

दुसऱ्या रविवारी चीर दुरुस्त केली. मला वाटलं होतं, पुट्टी भरायची आणि घासायचं. तो म्हणाला, "पुट्टी म्हणजे पावडर. उद्या परत फुटंल." त्याने चिरेच्या टोकाला एक बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे धावत नाही. मग आतल्या बाजूने चिरेच्या दोन्हीकडे दोन-दोन इंच घासून उतार केला आणि त्यावर मॅटचे तुकडे लावले, आधी लहान, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा. बोल्ट येणार होते त्या सगळ्या कडेलाही दोन थर वाढवून ती जाड केली. हे सगळं सकाळी सहाला. एप्रिल संपत आला होता. दहानंतर शेडमध्ये रेझिन भांड्यातच थिजतं. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम हार्डनर, तेही एकदम नाही, पाव-पाव किलोचं मिश्रण करत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर घालायचं. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांना थेट भेटले तर पेट घेतात, हे त्याने मला तीनदा सांगितलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क. काचेची खाज सुटली तर चोळायचं नाही, गार पाण्याने धुवायचं.

तिसऱ्या रविवारी बसवणं. पोती पुन्हा वर चढवली. दबलेल्या टायरच्या माथ्यावर त्याने रबराच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्या आणि मडगार्ड त्यांच्यावर अलगद टेकवला. म्हणजे जागा मोजायलाच नको, पट्टी काढली की जागा तयार. मग गाडीच्या नाकापासून दोन्ही मडगार्डांपर्यंत दोरी धरली. आठ मिलिमीटरचा फरक निघाला. फरक मडगार्डात नव्हता, अण्णांच्या फ्रेममध्येच होता. मी म्हटलं, फ्रेम कापू या का? तो वीस पावलं मागे गेला, गाडीकडे पाठमोरं बघत राहिला आणि म्हणाला, "टायर दोन्हीकडं मोकळा फिरला पाहिजे, ते पहिलं. दिसायला सारखं दिसलं पाहिजे, ते दुसरं. उरलेलं बीडिंग खाईल." जुन्या गाड्यांत बॉडी आणि मडगार्डच्या मध्ये रबराची गोल पट्टी असते ना, ते बीडिंग. ते शोभेचं असतं असं मला आजवर वाटत होतं.

भोकं पाडताना आधी कागदी चिकटपट्टी लावायची, म्हणजे वरचा चकचकीत थर उडत नाही. पहिलं भोक मधलं, मग दोन टोकांची, मग उरलेली. बोल्ट सहा मिलिमीटरचा, भोक आठचं. मला हे चुकीचं वाटलं. इंजिनीअरिंगला आम्ही घट्ट बसणं म्हणजे चांगलं असं शिकलो होतो. तेव्हा त्याने मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "पत्रा दबतो, वाकतो, पोचा खातो. फायबर पोचा खात नाही. टिकंल तोवर टिकतं आणि मग फुटतं. तुझी फ्रेम चालताना पिळते. तू मडगार्डाला फ्रेम धरायला लावलंस. मडगार्डानं फक्त चिखल धरायचा."

म्हणून भोक मोठं, बोल्टाखाली रुंद वायसर, आतून लोखंडी पट्टी आणि मध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर. नट नायलॉनचे, म्हणजे हादऱ्याने सुटत नाहीत. आवळायचे ते रबर जरासं फुगेपर्यंत, त्यापुढे नाही. मागच्या लोंबत्या टोकाला फ्रेमपासून एक आधाराची पट्टी. आणि आतून सगळीकडे रेझिनचा आणखी एक थर व त्यावर डांबरी कोट. चाकाने उडालेला खडा आतून लागला तरी बाहेर चांदणी उमटायला नको.

चौथ्या रविवारी परीक्षा. टायरला त्याने गेरू कालवून फासला. पोती मागे, मी चालवायला, आणि तीच चाकोरी. परत येऊन दोघांनी आडवं पडून मडगार्डच्या आत बॅटरी मारली. उजवा कोरा होता. डाव्याच्या आतल्या कडेला गेरूची दोरीएवढी रेघ. तेवढी कड त्याने पाच मिलिमीटर घासली, पुन्हा फेरी मारली. मग दोन्ही कोरे.

त्या दिवशी मी अण्णांना धरून शेडमध्ये आणलं. अण्णांनी मडगार्डवर तळहात ठेवला आणि सावकाश फिरवत नेला. पत्र्याचं काम करणारी माणसं अशीच बघतात. डोळ्याला न दिसणारी उंच-सखल जागा हाताला कळते. एका ठिकाणी हात थांबला. "इथं खोल आहे." आम्ही बॅटरी तिरपी धरून पाहिलं तेव्हा कुठे दिसलं. मग अण्णांनी विचारलं, कोणाचा तू? त्याने वडिलांचं नाव सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हणजे तुमच्या गाडीची धाव मी बसवली होती. उतारावर बैलाच्या मानेवर येते म्हणून ब्रेक लावलेली गाडी तुमचीच ना?"

मित्रांनो, तिथे मला घाम फुटला. कारण त्या ब्रेकची गोष्ट मला माहीत होती.

आपण नववीत होतो. १९९३ चा हिवाळा. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, तो १९९९ मध्ये झाला. आपलं सगळं परभणीला असायचं. परभणीच्या विज्ञान प्रदर्शनाला आपल्या शाळेचं एक मॉडेल गेलं होतं. काहींना आठवत असेल, 'बैलगाडीसाठी ब्रेक'. लाकडाची हातभर गाडी, तिला सायकलच्या ब्रेकचे रबर आणि ओढायला तार. भरलेली गाडी उतारावर बैलांच्या मानेवर येते, ती रोखायला. त्याला दुसरा क्रमांक मिळाला आणि प्रार्थनेच्या वेळी माझं नाव पुकारून मला प्रमाणपत्र दिलं गेलं.

ते मॉडेल मी केलं नव्हतं. त्याने केलं होतं, घरच्या गाडीला ब्रेक लावून बघून. मी वर्गाची मॉनिटर होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून सरांनी मला तक्ता लिहायला सांगितला. घर्षणाचा नियम मी लिहिला. फॉर्मवर दोन नावांची जागा होती. पहिलं मी माझं लिहिलं. मुलीला एकटीला परभणीला मुक्कामी कोण पाठवणार, म्हणून दुसरं माझ्या मैत्रिणीचं लिहिलं. सरांना मी सांगितलं, तो येणार नाही म्हणाला. मी त्याला विचारलंच नव्हतं. सर, तुमची यात काही चूक नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

पुढे इंजिनीअरिंगच्या मुलाखतीपासून पहिल्या नोकरीपर्यंत मी ते प्रमाणपत्र फाईलमध्ये लावत आले.

त्या संध्याकाळी शेडमध्ये मी त्याला हे सगळं सांगितलं. तो हात धूत होता. म्हणाला, "मला माहीत होतं. तसंही एसटीला पैसे नव्हते माझ्याकडं." जरा वेळ गेला. मग म्हणाला, "एक विचारू का? त्याचं डाव्या चाकाचं रबर कमी टेकत होतं. तिथं कुणाच्या लक्षात आलं का?"

आलं होतं. एका परीक्षकांनी वाकून मॉडेल पाहिलं आणि नेमकं हेच विचारलं होतं, डावीकडे कमी का दाबतंय? मला काहीच सांगता आलं नाही; मी मापात थोडी चूक झाली असं काहीतरी बोलले.

"म्हणजे विचारलं ना!" तो म्हणाला. असा हसला, की मी त्याला इतकं हसताना शाळेतही पाहिलं नव्हतं. "अगं, तार एकच होती. दोन्हीकडं सारखी ओढायला मधी आडवी पट्टी पाहिजे होती. ते मला दहावीत सुचलं. कुणाला सांगणार?"

तर मी आज व्यासपीठावर हे म्हणायला आले आहे, की १९९३ च्या त्या मॉडेलवर माझं नाव चुकीने लागलं. चुकीने म्हणजे मी लावलं म्हणून. स्मरणिकेच्या संपादकांना माझी विनंती आहे, शाळेच्या यशाच्या यादीत ते बक्षीस माझ्या नावावर छापू नये. ते प्रमाणपत्र मी मुख्याध्यापकांकडे आज सकाळी परत दिलं आहे.

मग कुणाच्या नावावर छापायचं? तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने मला बजावलं आहे, की माझं नाव घेतलंस तर मी उठून जाईन. तेव्हा त्याचं नाव मी न विचारता गाळलं होतं. आज त्याने सांगितलं म्हणून गाळते आहे. दोन्हींत जो फरक आहे, तो तुम्ही समजून घ्याल. आणि आपल्या वर्गात कोण कुठल्या बाकावर बसायचं, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे.

अण्णांनी सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे. गाडी रस्त्यावर चालवता येत नाही म्हणून टेम्पोत घालून आणली आहे. मैदानात झाडाखाली उभी आहे. जेवणानंतर सगळ्यांनी बघा. मागच्या मडगार्डवर हात फिरवून बघा, कुठे खोल लागलं तर सांगा. फक्त त्यावर कुणी बसू नका. मडगार्डने चिखल धरायचा असतो, आपल्याला नाही.